दरडींची नोंदवही कोणी ठेवायची?



मुंबईच्या डोंगरउतारांवरील वस्त्यांत पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या नोटिसा लागतात. दरड कोसळण्याचा धोका असल्याने रहिवाशांनी सुरक्षित स्थळी जावे, असे त्यांत लिहिलेले असते. ते सुरक्षित स्थळ कोणते, तेथे चार महिने कोण राहू देणार आणि तेथून रोजगारावर कसे जायचे, याविषयी नोटीस मौन पाळते. पुढे जुलैत एखाद्या रात्री पाऊस कोसळतो, दरड खाली येते, माणसे ढिगाऱ्याखाली गाडली जातात. मंत्री येऊन जातात, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशीचे आश्वासन मिळते. दिवाळीपर्यंत त्याच उतारावर पुन्हा पत्रे ठोकले जातात. पोट शहरातच भरायचे असते आणि सपाट जमिनीवरचे भाडे परवडत नाही, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र आहे.

मोठी दुर्घटना घडली की भूवैज्ञानिकांची पाहणी होते, अहवाल लिहिला जातो. परंतु त्याच उतारावर त्याआधी दोनचार वेळा माती घसरली होती काय, तेव्हा किती पाऊस झाला होता, पाणी कोठून मुरत होते, याची सलग नोंद रहिवाशांच्या हाती पडत नाही. कोणीही न मेलेल्या दरडीला कागदावर जागा नसते. वस्तुतः माणसे वाचविण्याच्या दृष्टीने हीच दरड सर्वांत मोलाची असते. तिची नोंद का ठेवावी, कोणी ठेवावी आणि ती कोणाच्या हाती असावी, या तीन प्रश्नांचा विचार कार्यकर्त्यांनी राजकीय प्रश्न म्हणून केला पाहिजे.

प्रथम दरड कोसळते कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे. उष्ण कटिबंधातील ऊन-पावसाने खडक खोलवर कुजतो आणि त्यावर माती-मुरमाचा थर तयार होतो. कोरड्या दिवसांत मातीच्या कणांमधील थोडा ओलावा त्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. पाऊस मुरू लागला की ही पकड सैल होते. कणांमधील पोकळी पाण्याने भरली की पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर रेटतो आणि उताराचे बळ घटते. एक क्षण असा येतो की उताराला स्वतःचे वजनही पेलत नाही. म्हणूनच आदल्या आठवड्याचा संथ पाऊस आणि शेवटच्या तासांतील मुसळधार सर हे दोन्ही मोजावे लागतात.

मात्र एवढ्यावरून दोष निसर्गाच्या पदरात टाकणे चुकीचे ठरेल. उताराचा पायथा कोणी खणला, खाणीचा कडा कोणी उघडा सोडला, वरच्या रस्त्याचे पाणी कोणत्या बाजूला सोडले, वस्तीला नळ दिला तेव्हा सांडपाण्याला गटार का दिले नाही, या साऱ्यांचा हिशेब दरडीत असतो. पाऊस गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही. पण तो ज्या जमिनीवर पडतो ती जमीन समाजाने आधीच वाटून घेतलेली असते.

आता मुंबईचाच दाखला घ्यावा. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठांच्या आसपास वा त्याहून अधिक माणसे दगावली. नेमका आकडा निरनिराळ्या अहवालांत निरनिराळा आढळतो, ही गोष्टच नोंदींची अवस्था सांगून जाते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात साकीनाक्याला झोपड्यांवर दरड आली आणि अनेक कुटुंबे गाडली गेली. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून अनेकांचा बळी गेला. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरात भिंत व दरड घरांवर आली आणि विक्रोळीच्या सूर्यनगरातही घरे गाडली गेली. त्या एका रात्रीत या दोन ठिकाणी मिळून पंचविसाहून अधिक जीव गेले.

या घटना सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत कोणत्या नावाने जातात, हे पाहण्यासारखे आहे. एक ‘दरड कोसळली’ म्हणून, दुसरी ‘भिंत पडली’ म्हणून, तिसरी ‘घर पडले’ म्हणून. भिंतीमागची माती पाण्याने भरली, पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती आणि त्या दाबाने भिंत गेली, तर ते दरडीचेच सख्खे भावंड होय. परंतु नाव बदलले की खाते बदलते आणि खाते बदलले की जबाबदारी हरवते. भिंत एका खात्याची, जमीन दुसऱ्याची, गटार तिसऱ्याचे आणि मरणारा माणूस मात्र अनधिकृत! नोंदीतील एका शब्दाने असा न्याय होतो.

माहितीच्या अधिकारात मिळालेले आकडे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार १९९२ पासूनच्या तीन दशकांत मुंबईत दरडींनी २९० जणांचा बळी घेतला. झोपडपट्टी सुधार मंडळाने ३२७ ठिकाणी २२,४८३ झोपड्या धोक्यात असल्याचे दाखवून त्यांपैकी ९,६५७ तातडीने हलवाव्यात, अशी शिफारस २०१० मध्येच केली होती. म्हणजे धोका कोणालाच ठाऊक नव्हता, असे म्हणायला जागा नाही. यादी होती, पण ती कपाटात होती. तिच्यावरून कोणाला जाब विचारावा, हे उतारावर राहणाऱ्या माणसाला कळण्याची सोय नव्हती.

नोंद आणि जबाबदारी यांची सांगड घातली म्हणजे काय होते, हे हाँगकाँगच्या इतिहासावरून दिसते. १८ जून १९७२ रोजी तेथे एकाच दिवशी दोन मोठ्या दरडी कोसळल्या. साऊ माऊ पिंग येथे भरावाचा उतार तात्पुरत्या वसाहतीवर येऊन ७१ माणसे मेली. पो शान मार्गावर सुखवस्तूंची बहुमजली इमारत भुईसपाट होऊन ६७ मेली. चौकशी आयोग नेमला गेला. तरीही चार वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, त्याच साऊ माऊ पिंगमध्ये पुन्हा भराव सुटला आणि १८ जण दगावले. त्यानंतर १९७७ मध्ये उतारांच्या देखरेखीसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी कार्यालय स्थापन झाले. वसाहतवादी सरकारला ही बुद्धी सहजासहजी झाली नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रेतांच्या दोन रांगा लागल्या, तेव्हा ती झाली.

त्या कार्यालयाने केलेले काम मात्र मन लावून अभ्यासण्याजोगे आहे. शहरातील माणसाने कापलेल्या वा भरलेल्या सुमारे ६० हजार उतारांची नोंद करण्यात आली. प्रत्येक उताराला क्रमांक देण्यात आला आणि तो क्रमांक लिहिलेली पाटी त्या उतारावर लावण्यात आली. हा उतार कोणी सांभाळायचा, हे कोणाही नागरिकाला पाहता येते. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे आहे. कोसळलेल्या दरडींची, लहान असोत की मोठ्या, वर्षानुवर्षे नोंद होत आली आहे. सरासरीने वर्षाला सुमारे तीनशे घटना कळविल्या जातात. त्यांतील बहुतेकांत कोणाला ओरखडाही उठत नाही. परंतु या तीनशे क्षुल्लक घटनांमुळेच किती पावसाला किती दरडी पडतात, याचे गणित मांडता आले आणि १९७७ पासून लोकांना इशारा देता येऊ लागला. २०१० पर्यंत मानवनिर्मित उतारांपासूनचा धोका १९७७ च्या तुलनेत चतुर्थांशाहूनही खाली आल्याचे तेथील शासनाने जाहीर केले आहे.

लहान घटनांचे हे महत्त्व शास्त्रज्ञांना फार पूर्वी उमगले. १९८० मध्ये नेल केन या संशोधकाने जगभरातील ७३ घटना गोळा केल्या आणि पाऊस किती जोराने व किती वेळ पडला म्हणजे उतार सुटतात, याची एक सीमारेषा आखली. तेव्हापासून ठिकठिकाणी अशा रेषा आखल्या गेल्या. परंतु एका देशाची रेषा दुसऱ्या देशाला, किंबहुना एका डोंगराची रेषा दुसऱ्या डोंगराला लागू पडेलच असे नाही. प्रत्येक शहराने ती स्वतःच्या नोंदींतून काढावी लागते. त्यासाठी घटनेची तारीख पुरत नाही, वेळ लागते. आणि जितका पाऊस पडूनही उतार जागचा हलला नाही, तोही लिहून ठेवावा लागतो. अन्यथा इशारा फार लवकर वाजू लागतो. चार वेळा उगाच भोंगा वाजला की पाचव्या वेळी कोणी घर सोडत नाही.

पाऊस कोठे मोजला, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नोंदला गेला नाही. एकाच मापकावर विसंबून शहराला इशारा द्यायचा, तर साकीनाका बुडत असताना दक्षिण मुंबईच्या हिशेबाने पाऊस बेताचाच ठरला असता! त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली, हे योग्यच झाले. परंतु पावसाचे आकडे एका हाताला आणि दरडींची नोंद दुसऱ्या हाताला नसेल, तर ताळमेळ कशाचा घालायचा?

देशपातळीवर काम झालेले नाही, असेही नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही दरडींच्या अभ्यासाची मध्यवर्ती संस्था आहे. २०२३ मध्ये इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला असून त्यात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार दरडींचा आधार आहे. परंतु उपग्रहाला डोंगराची मोठी जखम दिसते. दोन चाळींच्या मधल्या बोळात, पत्र्यांच्या छपराखाली घसरलेली चार गाड्या माती दिसत नाही. जागतिक पाहणीलाही हीच मर्यादा आहे. २००४ ते २०१६ या काळात भूकंपाखेरीज अन्य कारणांनी कोसळलेल्या ४,८६२ जीवघेण्या दरडींत ५५,९९७ माणसे मेल्याचे मेलनी फ्राउड आणि डेव्हिड पेटली या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले. मोठ्या मेहनतीचे हे काम आहे. परंतु ते मृत्यूपासून सुरू होते. शहराचे नियोजन मृत्यूच्या आधीपासून सुरू झाले पाहिजे.

येथवर नोंदीची बाजू मांडली. आता तिच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करून चालणार नाही. झोपडपट्टीतील माणूस वही घेऊन आलेल्याकडे संशयाने पाहतो आणि त्याचा संशय अनुभवातून आलेला असतो. सर्वेक्षण झाले की पात्र-अपात्रतेची यादी निघते, यादी निघाली की बुलडोझर येतो. धोक्याचा नकाशा हा हुसकावण्याचा नकाशा होऊ शकतो, हे ब्राझीलमध्ये घडले आहे. रिओ शहरात १९६६ च्या भीषण दरडींनंतर उतारांच्या अभ्यासासाठी सरकारी संस्था स्थापन झाली. आज ती जिओ-रिओ या नावाने ओळखली जाते. भिंती बांधल्या गेल्या, १९९६ पासून पर्जन्यमापकांवर आधारलेली इशारायंत्रणा आली, आणि २०११ पासून डोंगरावरच्या वस्त्यांत भोंगे बसविण्यात आले. हे सर्व मोलाचे आहे. परंतु एप्रिल २०१० च्या पावसात मोठी जीवितहानी झाल्यानंतर काही वस्त्या धोक्याच्या कारणावरून संपूर्णपणे हटविण्याची घोषणाही त्याच शहराने केली. वस्तीतील लोकांनी पर्यायी अभियंत्यांकडून पाहणी करून घेतली आणि उतार सावरण्याचा खर्च व माणसे उखडण्याचा खर्च यांची तुलना मागितली. हटविण्याच्या यादीत नाव असलेली मोहो दोस प्राझेरेस ही वस्ती आजही उभी आहे.

यातून कोणता बोध घ्यायचा? नोंद टाळणे हा उपाय नव्हे. नोंद नसली की धोका नाहीसा होत नाही. फक्त तो सिद्ध करण्याचा अधिकार सत्तेच्या एकट्या हाती राहतो. उलट, ज्या वस्तीपाशी स्वतःची वही आहे तीच अधिकाऱ्याला विचारू शकते, की या गल्लीतील तीन घरे हलविणे आवश्यक आहे हे मान्य, पण उरलेली दोनशे का? गटार बांधले तर किती घरे सुरक्षित होतील? आणि ज्यांना हलवायचे त्यांना कोठे नेणार? तानसा जलवाहिनीलगतच्या झोपडीवासीयांना माहुलला नेण्यात आले. तेथील हवा माणसांनी राहण्याजोगी नसल्याची तक्रार त्यांनी न्यायालयापर्यंत नेली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यांच्या बाजूने हस्तक्षेप करावा लागला. एका मरणाच्या बदल्यात दुसरे मरण देणे, याला पुनर्वसन म्हणता येत नाही.

तिसरा दाखला एका छोट्या देशाचा आहे. कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया या बेटावर २००४ पासून डोंगरावरच्या गरीब वस्त्यांत एक प्रयोग झाला. अभियंते आणि रहिवासी यांनी उतार एकत्र चालून पाहिला. पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणत्या घराच्या भिंतीला तडा गेला, कोणते झाड कलले, हे राहणाऱ्यांनी सांगितले आणि ते नकाशावर उतरविले गेले. त्यावरून लक्षात आले की अनेक ठिकाणी अवाढव्य भिंतींची गरजच नव्हती. छपरांचे पाणी पन्हाळीने गोळा करणे, सांडपाणी बंद गटारात नेणे आणि उताराला आडवी चर काढून पावसाचे पाणी वळविणे, एवढ्याने धोका पुष्कळ उतरत होता. ही गटारे वस्तीतल्याच माणसांनी मजुरी घेऊन बांधली. ऑक्टोबर २०१० मध्ये टोमास या चक्रीवादळाने बेटाला झोडपले, तेव्हा अशी गटारे झालेल्या वस्त्यांचे उतार टिकले. उपाय स्वस्त होता, काम स्थानिकांना मिळाले आणि ज्ञानाचा उगम वस्तीत होता. समाजवादी कार्यकर्त्याने याहून वेगळे काय मागायचे असते?

म्हणून पहिली मागणी अशी असली पाहिजे, की मुंबई, ठाणे, कळवा, मुंब्रा अशा डोंगरालगतच्या प्रत्येक नागरी भागात महापालिकेने दरडींची सार्वजनिक नोंदवही ठेवावी. तिच्यात दरड, भिंत आणि घर असे तीन वेगळे कप्पे नसावेत. प्रत्येक धोक्याच्या उताराला क्रमांक द्यावा, तेथे पाटी लावावी आणि त्या पाटीवर देखभालीला जबाबदार असलेल्या खात्याचे नाव लिहावे. नोंद झालेल्या घराची पात्रता-अपात्रता त्या नोंदीवरून ठरविता येणार नाही, असा स्पष्ट नियम करावा; नाहीतर कोणीही तोंड उघडणार नाही. धोक्याच्या घरांना पर्यायी निवारा रोजगाराच्या टप्प्यात मिळावा, आणि पावसाळ्यातील तात्पुरत्या निवाऱ्याची जागा नोटिशीतच छापलेली असावी.

परंतु महापालिकेची वही सुरू होईपर्यंत वस्तीने थांबण्याचे कारण नाही. साधी शाळकरी वही पुरे. तिच्यात सात गोष्टी लिहाव्यात: जागा, तारीख, वेळ, माती की दगड की भिंत, साधारण किती गाड्या ढिगारा, पाणी कोठून येत होते आणि कोणाला कळविले. जमल्यास मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि दरवेळी एकाच ठिकाणी उभे राहून काढावे, म्हणजे बदल दिसतो. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून रोज ठरावीक वेळी पट्टीने पाणी मोजले, तर वेधशाळेइतका नाही, तरी तुलनेपुरता पाऊस कळतो. जमिनीत नवी चीर पडली, दार एकाएकी चौकटीत अडकू लागले, विजेचा खांब कलला, उतारातून एरवी स्वच्छ येणारे पाणी गढूळ झाले, तर तेही लिहावे. कारण दरड पुष्कळदा सांगून येते, ऐकणारा हवा असतो. असे काही दिसल्यास आधी माणसे हलवावीत, नोंद मागाहून करावी. या कामात स्त्रियांचा पुढाकार अगत्याचा आहे. दिवसभर वस्तीत कोण असते आणि पाण्याची वाट कोणाला ठाऊक असते, हे सांगण्याची गरज नाही.

वहीची एक प्रत वॉर्ड ऑफिसात द्यावी, पोच घ्यावी आणि ती पोच जपून ठेवावी. उद्या दुर्दैवाने काही घडले, तर ‘आम्हांस कल्पना नव्हती’ हे वाक्य त्या पोचेपुढे टिकणार नाही.

तापमान वाढत चालले आहे. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, असे भौतिकशास्त्र सांगते. थोड्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस वाढत जाणार, हे गृहीत धरूनच शहरांना चालावे लागेल. चितगावमध्ये जून २००७ मध्ये आणि फ्रीटाऊनमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये जे घडले, ते उद्या उष्ण कटिबंधातल्या कोणत्याही गर्दीच्या शहरात घडू शकते. अशा वेळी निसर्गाचा कोप म्हणून हात झटकणाऱ्या राज्यकर्त्याला उत्तर द्यायचे, तर ते घोषणेने देता येणार नाही. त्यासाठी तारीख, वेळ, जागा आणि जबाबदार खात्याचे नाव हाती असावे लागते. गिरणी कामगारांच्या चळवळीने हजेरीपटाचे आणि पगाराच्या चिठ्ठीचे महत्त्व कामगाराला शिकविले. उतारावर राहणाऱ्या माणसाला त्याच्या उताराच्या वहीचे महत्त्व पटवून देणे, हे येत्या पावसाळ्याआधी हाती घेण्याजोगे काम आहे. प्रत्येक शाखेने एक वस्ती निवडावी आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी तिचा उतार रहिवाशांसह एकदा पायी चालून पाहावा.